आईच्या मते सगळी माणसं चांगली

माझ्या मुलीने बाळाला चिमटा काढला तेव्हा मी दाराच्या पडद्यामागे होते, हातात वाळलेल्या दुपट्यांचा ढीग. लपून बसले नव्हते. हात मोकळे नव्हते म्हणून खांद्याने पडदा सारत होते, आणि फटीतून ती दिसली. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग पाळण्यात वाकली, बाळाच्या मांडीला जिथे वळी पडते तिथे दोन बोटं नेली, चिमटा काढला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दूध उतू जातंय का ते बघावं तशी. बाळाने तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला. तो येताच तिने पाळण्याला झोका दिला आणि अगदी मायेने हाक मारली, "आई, बाळाला भूक लागलीय बघ."

ती पाच वर्षांची आहे. घरात तिला आम्ही ठमी म्हणतो.

मी आत गेले, बाळाला उचललं आणि म्हणाले, "हो का, भूक लागली का आमच्या सोन्याला?" म्हणजे खोटं तिने सुरू केलं आणि पुढे मी चालवलं.

शिकलेली बाई आहे मी. मानसशास्त्र हाच माझा पदवीचा विषय. दुसरं मूल आलं की पहिल्याचं आसन डळमळतं, ते चावतं, ओरबाडतं, अंथरूण ओलं करतं, हे सगळं मला पाठ होतं. शेजारणीला मी ते समजावूनही सांगितलं होतं. पण पुस्तकातलं सगळं चिमट्यापर्यंतच होतं. चिमट्यानंतरचा तो गोड आवाज त्यात नव्हता.

त्या दिवसापासून मी पहाऱ्यावर. पाळणा झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आणला. अंघोळीला गेले तर दाराला कडी लावेना. ठमी खोलीत शिरली की माझं काहीतरी त्याच खोलीत राहिलेलं असायचं. नवऱ्याच्या लक्षात आलं, तेव्हा मी त्याला सांगितलं. तो हसायला लागला.

"मी माझ्या धाकट्या भावाला कपाटात कोंडून खेळायला गेलो होतो. आईने विचारलं तर म्हणालो, मामाकडे गेलाय."

"मग?"

"मग काय, आहे की जिवंत. रोज सकाळी तुला फोनवर शिळे विनोद कोण पाठवतं?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग काढला."

"म्हणजे अक्कल आहे पोरीला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये ठमीच्या संडे स्कूलला त्या पहिल्या बागेची, देवाने मना केलेलं फळ माणसाने खाल्लं ती गोष्ट झाली. उपासना संपवून आम्ही घरी चाललो होतो. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात ठमीचा हात.

"आई, आमच्या बाई म्हणाल्या सगळ्यांच्या आत पाप असतं. बाळाच्या पण आहे?"

"बाळ अजून लहान आहे."

"मग माझ्या?"

मी म्हणाले, "बाई सांगतात ते सगळ्या माणसांबद्दल असतं."

ती चार पावलं चालली. मग तिने मान वर करून विचारलं, "पण मी चांगली आहे ना?"

आणि माझ्या तोंडून 'हो' आलं नाही. एवढंसं अक्षर, पण आलं नाही. मी म्हणाले, "गाडी येतेय, कडेने चल." गाडी तोवर निघूनही गेली होती. ठमीने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. रागाने नाही. एखादी वस्तू आपली नाही हे कळल्यावर जागेवर ठेवून द्यावी, तसा.

तेव्हापासून ती पाळण्याजवळ येईना. "ये, बघ, बाळ हसतंय," म्हटलं तर म्हणायची, "नको. मी इथूनच बघते." बसायची दाराच्या चौकटीला टेकून, हात मांडीखाली दाबून. मला आता बाळासाठी भीती वाटत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत माझी पाच वर्षांची मुलगी स्वतःला वाईट म्हणून बाजूला ठेवत होती, आणि तिला परत हाक मारायला माझ्याकडे शब्द नव्हता. कारण मलाच ठरवता येत नव्हतं. खोटं 'हो' तिला पुरलं नसतं. तिला खोटं ओळखता येतं, हे तर त्या गाडीच्या वेळी मी पाहिलंच होतं.

माझ्या आईला तिने हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर प्रश्न संपायच्या आधी आलं असतं. आईच्या मते सगळी माणसं चांगलीच होती. तिच्या जगात वाईट माणूस नव्हता. फार तर अजून चहा न मिळालेला माणूस होता.

आईबाबांची लाँड्री होती. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दुकानात पुढे काउंटर, तिथे आई. मागे जुन्या घोंगड्या अंथरून वर चादर ताणलेलं लांबच लांब टेबल, तिथे इस्त्रीवाले काका. आणि अगदी मागे भट्टी, पितळी झाकणाचं मोठं पातेलं, नळाखालची दगडी टाकी, तिथे बाबा. भट्टी पेटली की वरच्या खोलीतली फरशी कोमट व्हायची. कॉलेजच्या परीक्षेपर्यंतचा सगळा अभ्यास मी त्या फरशीवर अनवाणी बसून केला आहे. अजूनही कुठे गरम कापडाला स्टार्चचा वास आला की माझ्या तळपायांना ऊब लागते. वेडेपणा आहे, पण लागते.

प्रत्येक घराच्या कपड्यांना कॉलरच्या आत दोऱ्याची खूण असायची. कोणाचे दोन लाल टाके, कोणाचा एक हिरवा. आई माणसांना नावापेक्षा दोऱ्याने जास्त ओळखायची. "दोन हिरवे आजारी दिसतात," ती जेवताना म्हणायची, "आठवडा झाला, शर्ट नाही आला." आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दोन हिरव्यांच्या दारात हजर.

बाबांची एकच शिस्त होती. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसा उलटा करायचा. ओळखीचा असो की परका, प्रत्येक खिसा. खिशातून किल्ल्या निघायच्या, स्क्रू, अर्धी बिस्किटं, एकदा दुधाचा दात. सगळं एका ताटलीत ठेवून परत दिलं जायचं. आईला एवढंच खटकायचं, की बाबा पाळकसाहेबांचेही खिसे उलटे करत.

"चर्चच्या माणसांच्या खिशात काय शोधायचं?" ती म्हणायची.

"तिथेच आधी शोधायचं. बाहेरच्यांना निदान लपवायची सवय नसते."

"तुम्हाला माणसावर विश्वासच नाही."

"नाहीच. सगळे पापी. मी पहिला, तू दुसरी."

"मला कशाला ओढता?"

"बरं, तू तिसरी. पाळकसाहेब दुसरे."

इस्त्रीवाले काका मान खाली घालून हसायचे. "माझा नंबर कितवा, शेठ?"

"तू रांगेतच नाहीस. परवाची बाही जाळलीस, तुझा वेगळा निवाडा."

पण आई सोडायची नाही. हातातली उशीची खोळ झटकत म्हणायची, "देवाने माणूस केला, आणि बघून चांगला म्हणाला की नाही?"

"म्हणाला. आणि जरा नजर वळली तोच फळ गायब."

"नजर नव्हती वळली. विश्वास टाकला होता त्याने."

"तेच ते," बाबा म्हणायचे, आणि खिसे उलटे करत राहायचे.

मी पायरीवर बसून हे ऐकायचे. मी आईच्या पक्षात. बाबांचं ऐकताना मला वाटायचं, एवढ्या वाफेत उभं राहून माणूस असा कोरडा कसा बोलू शकतो.

मी नऊ-दहा वर्षांची असताना ते झग्यांचं झालं. चर्चमधल्या गायकांचे पांढरे झगे मोठ्या उपासनेआधी आमच्याकडे धुवायला यायचे. त्या वेळी बाबा साबणाची खरेदी करायला गेले होते, आणि आईने झगे स्वतः भट्टीत टाकले. खिसे न बघता. चर्चच्या माणसांचे, म्हणून न बघता.

बाबा परत आले, झाकण काढलं, काठीने एक झगा वर उचलला. झग्यांवर गुलाबी डाग पडले होते. कुठे फिकट, कुठे गडद, गालावर कोणी चापट्या माराव्यात तसे. एका झग्याचा तर खिसा लालभडक होता. पातेल्याच्या तळाशी लिपस्टिकची पितळी नळी निघाली, रिकामी.

आईने त्या झग्याची कॉलर उलटी केली. एक निळा टाका, एक पांढरा.

निळा-पांढरा म्हणजे गाणारी मावशी. ती आईची शाळेपासूनची मैत्रीण. चर्चमध्ये पहिला आवाज तिचा, आणि संडे स्कूलमध्ये आम्हा मुलींचा वर्गही तीच घ्यायची. देवाने दिलेल्या चेहऱ्यावर रंगरंगोटी कशाला, हे आम्ही तिच्याकडून इतकं ऐकलं होतं, की मला साधं नखांना लावायचंही काही मिळालं नव्हतं.

आई आधी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढी हौस होती तर मला सांगायचं ना," ती म्हणाली, "मीही लावून बघितली असती." नळी रुमालात गुंडाळली, माझा हात धरला आणि निघाली. मैत्रिणीची थट्टा करायला निघाली होती ती, दुसरं काही नाही.

मावशी दारातच भेटली. रुमाल उघडलेला पाहिला आणि तिचा चेहरा दगड झाला.

"हे माझं नाही."

"अगं, तुझ्याच झग्यात..."

"तुमच्या त्या इस्त्रीवाल्याने टाकलं असेल. बायको नवी आहे ना त्याची. तू फार भोळी आहेस, तुला कामाची माणसं कळत नाहीत."

आई हसतच आली होती. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं, दिवा तसाच जळत ठेवून माणसं घर सोडून गेल्यासारखं. घरी परतताना तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. एवढंच म्हणाली, "त्या गरिबाचं नाव घ्यायला नको होतं तिने."

रविवारी चर्चमध्ये झगे आले ते सगळे एकसारखे गुलाबी. नखशिखांत. एका रांगेत उभे राहिलेले गायक संध्याकाळच्या ढगांसारखे दिसत होते. आम्ही पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. बाबा उभे राहून म्हणाले, "चूक लाँड्रीची आहे. खिसे तपासायचे राहिले." पाळकसाहेबांनी मान हलवली आणि पापांगीकाराची प्रार्थना सुरू केली. आम्ही सर्वांनी विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केलं आहे, असं सगळी मंडळी म्हणत असताना मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग खुद्द पाळकसाहेबांचा आवाज हलला. पूर्ण चर्च डोळे मिटून हसत होतं. लहानपणीचा इतका लख्ख रविवार मला दुसरा आठवत नाही: उंच खिडकीतून येणारं ऊन, धुतलेल्या डोक्यांचे वास, आणि ती गुलाबी रांग.

फक्त आई हसत नव्हती. ती आणि मावशी त्यानंतर कधी बोलल्या नाहीत. आई चर्चमध्ये दुसऱ्या बाजूला बसायला लागली. बाबा मावशीला नमस्कार करायचे, तिचे कपडे घ्यायचे, खिसे उलटे करायचे. आई तो दोरा हातातही धरत नसे. कितीतरी वर्षं. मला तेव्हा आईचंच बरोबर वाटायचं. आता वाटतं, आईच्या जगात वाईट माणूस नव्हताच, त्यामुळे वाईट वागलेल्या माणसाला उभं करायला तिच्याकडे जागाही नव्हती.

हे वाक्य माझ्या मनात आलं तेव्हा मी पाळण्यापाशी बसले होते, आणि ठमी दाराच्या चौकटीशी, हात मांडीखाली घालून. मी उठले, दोन्ही पोरांना घेतलं आणि बाबांकडे गेले.

आई गेल्यावर बाबांनी लाँड्री बंद केली. खाली आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वरची फरशी गार असते. बाबा मात्र अजून आपला प्रत्येक रुमाल स्वतः इस्त्री करतात. मी पोचले तेव्हाही तेच चाललं होतं. बाळाला त्यांच्या पलंगावर झोपवलं. ठमीला त्यांनी दोऱ्याच्या रिळांचा जुना डबा दिला आणि ती पलीकडच्या खोलीत तो उपडा करून बसली. मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं.

बाबांनी रुमालाची घडी घातली. "तू पाहिलंस, हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"ती म्हणेल, मी नाही काढला."

"म्हणेलच."

"मग मला ती खोटारडी दिसेल, बाबा."

"आहेच ती. माझी नात आहे." त्यांनी इस्त्री उभी केली. "तुला झगे आठवतात?"

"सगळे गुलाबी झाले होते ते?"

"सगळे कुठले गुलाबी व्हायला? डाग पडले होते नुसते. त्यातले काही दोन धुण्यांत गेलेही असते. मावशीचा झगा मात्र साफ होणार नव्हता. रविवारी तो घालून ती उभी राहिली असती, की गावाने बोट दाखवलं असतं. नाहीतर माझ्या इस्त्रीवाल्याकडे दाखवलं असतं." त्यांनी घडी बाजूला ठेवली. "मी रंग आणला आणि सगळे झगे त्यात बुडवले. तिचा खिसा उसवून नवा लावला. पांढरे करता येईनात, म्हणून सारखे केले."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती भट्टीचीच करणी.

"आईला माहीत होतं?"

"तिनेच तर पकडलं मला, हात कोपरापर्यंत गुलाबी होते. म्हणाली, तिला वाचवलंत तुम्ही. मी म्हटलं, इस्त्रीवाल्याला वाचवलं, तिला वाचवलं, झगेही वाचवले, आता जेवायला वाढ." ते हसले नाहीत. "नाही वाढलं तिने. चिडली होती."

"म्हणजे तुमचंच खरं होतं. सगळे पापी, आणि म्हणून कोणावर रागवायचं नाही."

"छे," बाबा म्हणाले. "तिथेच तर घोळ झाला."

त्यांनी दुसरा रुमाल घेतला, पण इस्त्रीला हात लावला नाही.

"तुझी आई वाट बघत होती. रोज. तिला वाटायचं, मावशी येईल, दारात उभी राहील आणि म्हणेल, हो, माझंच होतं. आणि ती आलीही असती. तिच्यातलं जे चांगलं तुझ्या आईला दिसायचं ना, ते खोटं नव्हतं. आजाऱ्यांची उष्टी-खरकटी काढताना मी तिला पाहिलंय. पण मी असं चोख पांघरूण घातलं, की तिला वाटलं, निभावलं. कबूल करायला जागाच ठेवली नाही मी. माणसाकडून मी कधी काही मागितलंच नाही, आणि त्याला मी क्षमा समजत होतो."

मावशी आईच्या अंत्यविधीला आली होती, ते मला आठवत होतं. बाहेर पायरीशी उभी होती, आत यावं की नाही या विचारात. बाबांनी जाऊन तिला हाताला धरून आणलं होतं, आणि ती गायली होती. मध्येच आवाज गेला, पण गायली.

"पायरीवर काय म्हणाली माहितीये?" बाबा म्हणाले. "म्हणाली, ते माझंच होतं. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, तिलाही माहीत होतं? मी म्हटलं, हो, पहिल्या दिवसापासून. तेव्हा रडली ती. एवढं सोपं होतं ते, आणि ज्या माणसाला सांगायचं ते पेटीत."

पलीकडे रीळ घरंगळल्याचा आवाज आला.

"तुझ्या आईशिवाय मी बरा वागलो नसतो," बाबा जरा वेळाने म्हणाले. "ती मला चांगला समजायची. सकाळी उठल्यापासून तिला खोटं पडू द्यायचं नाही, हाच उद्योग. आता ती नाही, तर बघ, शेजाऱ्याचं वर्तमानपत्र आधी मीच वाचतो."

मी उठून ठमीजवळ जाऊन बसले. तिने रिळं रंगाप्रमाणे लावली होती, लाल एका बाजूला, निळी एका बाजूला.

"ठमे, त्या दिवशी तू बाळाला चिमटा काढलास. मी पाहिलं."

ती रिळांकडेच बघत म्हणाली, "मी नाही काढला."

याच उत्तराला मी इतके दिवस भीत होते. ते आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच लहान होतं. तिच्याएवढंच.

"मी पडद्यामागे होते."

ती दोरा बोटाला गुंडाळत राहिली, बोटाचं टोक लाल होईपर्यंत. मग म्हणाली, "मग तू रागावली का नाहीस?"

"घाबरले."

"मला?"

"हो."

याचा तिने विचार केला. मला वाटतं, तिला थोडं बरंही वाटलं. "मी पण घाबरले," ती म्हणाली. "तो एवढ्या मोठ्याने रडेल असं मला वाटलं नव्हतं."

"मग काढलास कशाला?"

"तो रडला की तू येतेस."

मी तिच्या बोटाचा दोरा सोडवला.

"आता मी वाईट आहे?"

"नाही. तू चांगली आहेस. आणि चिमटा तूच काढलास."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"मला नीट समजावता येत नाही."

"आजोबांना येतं?"

"आजोबांनाही येत नाही," पलीकडून बाबा म्हणाले.

ती खुदकन हसली आणि लगेच गंभीर झाली. "देवाला सांगायचं?"

"सांगू या."

"पण त्याने पाहिलंच असेल ना? मग कशाला सांगायचं?"

मी बाबांच्या खोलीकडे पाहिलं. मग मीच म्हणाले, "ज्याला माहीत आहे, त्यालाच सांगायला बरं पडतं."

तिने डोळे मिटले. ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला नाही. एवढं मला जमलं.

तेवढ्यात बाळ जागं झालं. मी ठमीला बाबांच्या पलंगावर भिंतीला टेकून बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिने हात मांडीखालून काढून त्याच्या डोक्याखाली धरला. मी तिथेच उभी.

"मान धर नीट."

"धरलीय."

"टाळूला बोट लावू नकोस."

"आई," ठमी म्हणाली, "तू इथेच उभी राहणार आहेस?"

बाबा दारात आले होते. "चहा टाकतेस का जरा? तुझ्या हातचा बरेच दिवस प्यालो नाही."

चहा ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगला करतात. मी ठमीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाळाच्या कानात काहीतरी बघत होती. मी निघाले. मागे दार ओढलं नाही, एवढी सवलत मी स्वतःला दिली.

स्वयंपाकघरात मी पाणी ठेवलं, साखर घातली, घातली की नाही ते आठवेना म्हणून परत घातली. बाबा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. आतून आवाज नव्हता. मग ठमीचं काहीतरी गुणगुणणं. मग तेही नाही. मग बाळाचा बारीक, चिरका आवाज.

मी चमचा ओट्यावर टाकून वळले.

"बस गं," बाबा म्हणाले.

"बाबा, तो रडतोय."

"पोरं रडतात."

"बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक करायला उठले. "बरं, जा. पण चालत जा."

मी चालत गेले.